साध्या खात्यावर राहून अ‍ॅडमिनची कामं: माझा अनुभव

विंडोज पहिल्यांदा बसवताना जे खातं तयार होतं ते मशीनवर काहीही बदलू शकणारं, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं. मग पुढे वर्षानुवर्षं त्याच खात्यावर मेल, ब्राउझर, हिशेब, मुलांचे खेळ असं सगळं चालत राहतं. आमच्याकडेही तसंच होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डिस्क बदलून विंडोज ११ नव्याने बसवायची वेळ आली, तेव्हा मी ठरवलं की या वेळी रोजचं काम साध्या, म्हणजे स्टँडर्ड खात्यावर करायचं आणि अ‍ॅडमिनचे हक्क लागतील तेव्हाच, लागतील तेवढेच वापरायचे. नवऱ्याचं म्हणणं होतं, ‘चाललंय ते चालू दे की!’ त्याचंही चूक नव्हतं, कारण अशा गोष्टी सुरू करणं सोपं असतं आणि तिसऱ्या दिवशी एखादा जुना प्रोग्राम उघडेनासा झाला की माणूस मुकाट्याने मागे फिरतो. मी फिरले नाही, पण मधे बरेच दिवस फिरावंसं वाटत होतं. ते सगळं क्रमाने लिहितेय. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना स्पेलिंग अर्थातच इंग्रजी. पैशांत खर्च शून्य आला, कारण लागलेलं बहुतेक सगळं विंडोजमध्येच असतं आणि एक साधन फुकट उतरवून घेता येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळल्याशिवाय पुढचे अर्धे घोळ कळत नाहीत. विंडोज एक्सपीच्या काळात, म्हणजे २००१ नंतर, घरगुती मशीनवरचं जवळजवळ प्रत्येक खातं अ‍ॅडमिन असायचं आणि उघडलेला प्रत्येक प्रोग्राम पूर्ण हक्कांनिशी चालायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही त्याची सवय लागली, कुठेही फाइल लिहायची, कुठलीही नोंद बदलायची. पुढच्या विंडोज व्हिस्टाबरोबर यूजर अकाउंट कंट्रोल म्हणजे यूएसी आलं. तेव्हापासून अ‍ॅडमिन माणूस लॉगिन झाला की विंडोज त्याच्यासाठी दोन टोकन, म्हणजे त्याला काय काय करायची मुभा आहे ते सांगणारी ओळखपत्रं, बनवतं, एक पूर्ण हक्कांचं आणि एक हक्क काढून घेतलेलं. रोजचे प्रोग्राम दुसऱ्यावर चालतात. स्क्रीन अंधुक होऊन ‘येस’ की ‘नो’ विचारणारी चौकट येते आणि आपण येस म्हणतो, तेव्हा पहिलं टोकन बाहेर निघतं. साध्या खात्याला मात्र एकच टोकन असतं. तिथे नुसतं येस म्हणून भागत नाही, एखाद्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्डच लागतो. फरक एवढासा दिसतो, पण अ‍ॅडमिन खात्यावरची ती येस-नोची चौकट ही सुरक्षेची पक्की सीमा नाही असं मायक्रोसॉफ्टच सांगते. दोन वेगळी खाती असली तरच खरी भिंत उभी राहते.

पहिलं काम दुसरं अ‍ॅडमिन खातं तयार करण्याचं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, अ‍ॅड अकाउंट. इथे विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल मागत राहतं. ‘या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ आणि त्यापुढे ‘मायक्रोसॉफ्ट खात्याविना यूजर जोडा’ असे दोन दुवे खाली बारीक अक्षरांत असतात, त्यांतून गेलं की स्थानिक खातं बनतं. मी त्याचं नाव ‘कारभारी’ ठेवलं. तीन सुरक्षा-प्रश्न विचारले जातात. त्यांची खरी उत्तरं घरातल्या कुणालाही माहीत असतात, म्हणून मी असंबद्ध उत्तरं दिली आणि पासवर्डासकट कागदावर लिहून ठेवली. हा कागद हवाच. स्थानिक खात्याचा पासवर्ड गेला तर परत मिळवून देणारं बाहेर कुणी नाही, आणि व्हिस्टापासून विंडोजमधलं अंगचं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खातं बंद ठेवलेलं असतं.

पासवर्ड रिकामा ठेवायचा मोह होतो, तो टाळा. रिकाम्या पासवर्डचं खातं मशीनसमोर बसून लॉगिन करण्यापुरतंच चालतं. दुसऱ्या खात्यातून त्याच्या नावाने प्रोग्राम चालवायला गेलं की १३२७ क्रमांकाची त्रुटी येते, खात्यावर निर्बंध आहेत अशा अर्थाची.

नवं खातं जन्मतः साधंच असतं. ‘चेंज अकाउंट टाइप’मध्ये जाऊन त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करायचं, मग आपल्या खात्यातून बाहेर पडून कारभारी म्हणून प्रत्यक्ष लॉगिन करायचं, तिथे पासवर्ड नीट चालतो याची खात्री करायची आणि तिथूनच आपल्या जुन्या खात्याला स्टँडर्ड करायचं. हा क्रम उलटा करू नका. पहिल्या लॉगिनला ‘हाय, आम्ही सगळं तयार करतोय’ वगैरे पडदे येत राहतात, तो वेळ वाट बघण्यात जातो. माझं खातं स्टँडर्ड करताना हात जरा अडखळला, हे कबूल. स्वतःच्या मशीनवर स्वतःला खालच्या पायरीवर बसवणं विचित्र वाटतं.

बदल पुढच्या लॉगिनपासून लागू होतो, कारण टोकन लॉगिनच्या वेळी बनतं. तो झाला का हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘हू-अ‍ॅम-आय’ ही आज्ञा ‘स्लॅश ग्रुप्स’ जोडून द्यायची. अ‍ॅडमिन खात्यावर हीच यादी बघितली तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटासमोर ‘फक्त नाकारण्यासाठी’ अशा अर्थाचा शेरा दिसतो, तेच ते हक्क काढलेलं टोकन. साध्या खात्यावर तो गटच यादीत नसतो. माझ्या यादीतून तो गेलेला दिसला आणि खरी सुरुवात झाली.

पहिला आठवडा भीतीपेक्षा खूप बरा गेला. वायफाय जोडणं, टाइम झोन बदलणं, ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, यातलं काहीच पासवर्ड मागत नाही. ब्राउझरचं अपडेट मागे एक सर्व्हिस करते, ती आधीच सिस्टिमच्या हक्कांनी चालते. बरेच नवे प्रोग्राम तर बसवायलाही पासवर्ड लागत नाही, कारण ते प्रोग्राम फाइल्समध्ये न जाता आपल्याच खात्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात बसतात. व्हीएस कोडसारख्या काहींचे तर दोन वेगळे इन्स्टॉलर मिळतात, यूजर आणि सिस्टिम. अशी निवड असेल तर यूजरवाला घ्या. उलट घरातल्या लॅपटॉपवर शेअर केलेला प्रिंटर माझ्या मशीनला जोडताना ड्रायव्हरसाठी पासवर्ड लागला. २०२१ साली छपाई सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड सापडलं होतं, त्यानंतर त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अपडेटपासून असे ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिन हक्क सक्तीचे झाले. एकदा टाकला की पुन्हा विचारत नाही.

मुलाच्या खात्यालाही मी याच वेळी स्टँडर्ड केलं. त्यामुळे काही दिवस घरात ‘आई, पासवर्ड!’ अशा हाका येत होत्या. यातून एक सवय मात्र चांगली लागली. पासवर्ड टाकण्याआधी चौकट वाचायची. वरची पट्टी निळी असेल तर प्रोग्रामवर ओळख पटलेल्या प्रकाशकाची डिजिटल सही आहे. पिवळी असेल तर प्रकाशक अज्ञात. ‘शो मोअर डिटेल्स’ दाबलं की फाइल नेमकी कुठून चालतेय तो मार्ग दिसतो. खेळाच्या इन्स्टॉलरचं नाव सांगणारी फाइल डाउनलोड्समधल्या टेम्प नावाच्या उपफोल्डरातून चालताना दिसली, तेव्हा मी नो म्हटलं. ती काय होती ते शोधत बसले नाही. त्याने तो खेळ मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवला, चालला.

आता मुख्य दुखणं. माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनं आहे. आयकॉनवर ती निळी-पिवळी ढाल आहे, म्हणजे त्याच्या मॅनिफेस्टमध्येच (प्रोग्रामबरोबरच्या माहितीपत्रकात) ‘अ‍ॅडमिन हक्कांशिवाय मी सुरू होणार नाही’ असं लिहिलेलं आहे. मॅनिफेस्टमध्ये तीन पर्याय असतात: बोलावणाऱ्याच्या हक्कांनी चालणं, उपलब्ध असतील तेवढ्या सर्वोच्च हक्कांनी चालणं किंवा अ‍ॅडमिन सक्तीचं. हे तिसऱ्या गटातलं. डबल क्लिक केलं की पासवर्ड, रोज, दिवसातून अनेकदा.

पासवर्डचा कंटाळा मी सोसला असता, पण पहिल्याच दिवशी दुसरी गोष्ट लक्षात आली. एक अहवाल पीडीएफ म्हणून साठवला आणि माझ्या डॉक्युमेंट्समध्ये तो नव्हताच. कारण सरळ आहे. कारभारीचा पासवर्ड दिला की प्रोग्राम कारभारीच्या नावाने चालतो. त्याचं ‘डॉक्युमेंट्स’ म्हणजे कारभारीचं डॉक्युमेंट्स, त्याचा डेस्कटॉप म्हणजे कारभारीचा डेस्कटॉप, रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातला, ‘करंट यूजर’ विभागही त्याचाच. नेहमीचा प्रिंटर वेगळा निघाला, प्रोग्राममधली माझी फॉन्टची निवड पुसलेली दिसली आणि नेटवर्कवरच्या बॅकअपला दिलेलं झेड हे ड्राइव्ह-अक्षर तर गायबच. जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्ह लॉगिनशी बांधलेल्या असतात, त्यामुळे वाढीव हक्कांच्या खिडकीला त्या दिसत नाहीत. अ‍ॅडमिन खात्यावरून येस म्हणून चालवलं तरी एरवी हेच होतं. जिथे शक्य असेल तिथे अक्षराऐवजी पूर्ण नेटवर्क मार्ग, म्हणजे दोन उलट्या स्लॅशने सुरू होणारा, वापरायचा. माझ्या सॉफ्टवेअरच्या बॅकअप खिडकीने तो निमूट स्वीकारला.

आणखी एक चमत्कारिक प्रकार. एक्स्प्लोररमधून बिलाची फाइल उचलून प्रोग्रामच्या खिडकीत टाकायला गेले, तर माउसवर बंदीची खूण. मला आधी माउसच बिघडलाय असं वाटलं. व्हिस्टापासून कमी हक्कांची खिडकी जास्त हक्कांच्या खिडकीला असे संदेश पाठवू शकत नाही, म्हणून ओढून टाकणं चालत नाही. ‘ओपन’ मेनूतून फाइल उघडायची, दुसरा इलाज नाही.

मग ‘रनअ‍ॅज’ या आज्ञेकडे वळले. ही विंडोज २००० पासून आहे. रनअ‍ॅज, स्लॅश यूजर, अपूर्णविरामानंतर खात्याचं नाव आणि मग अवतरणात प्रोग्रामचा मार्ग. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर तारेसुद्धा उमटत नाहीत, कीबोर्ड अडकला असं समजू नका. एंटर दाबलं आणि त्रुटी ७४०: या कामाला वाढीव हक्क लागतात. अहो, अ‍ॅडमिनच्याच नावाने तर चालवतेय! पण वर सांगितलेली दोन टोकनं आठवा. रनअ‍ॅज कारभारीच्या नावाने प्रोग्राम सुरू करतं खरं, पण कारभारीच्या हक्क काढलेल्या टोकनावर. दुसरा माणूस होणं आणि वाढीव हक्क मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रनअ‍ॅज पहिलीच करतं. शिफ्ट धरून राइट क्लिक केल्यावर येणारा ‘रन अ‍ॅज डिफरंट यूजर’ हा पर्यायही त्यातलाच. वाढीव हक्क हवे असतील तर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडायचं, किंवा स्टार्टमध्ये नाव टाइप करून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायचं. याच कारणाने माझ्या डेस्कटॉपवर ठेवलेली एखादी फाइल रनअ‍ॅजने कारभारीच्या नावावर चालवली तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. माझ्या प्रोफाइलमध्ये शिरायचा हक्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटाला आहे, पण त्या टोकनात तो गट निष्प्रभ केलेला असतो. अशी फाइल आधी दोघांनाही वाचता येईल अशा फोल्डरात हलवायची, मग चालवायची.

रनअ‍ॅजला ‘सेव्हक्रेड’ नावाचा एक जोड आहे. एकदा पासवर्ड द्या, पुढे कधीच विचारणार नाही. शॉर्टकट बनवून दिला की काम झालं, असा सल्ला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो. मी तो वापरला नाही आणि तुम्हीही वापरू नका. साठवलेला पासवर्ड त्या एका प्रोग्रामपुरता बांधलेला नसतो. माझ्या खात्यात चालणारी कुठलीही गोष्ट तोच जोड लावून कारभारीच्या नावाने काहीही सुरू करू शकते. मग दोन खाती ठेवून मिळवलं काय? तुमच्या मशीनवर आधी कुणी असं करून ठेवलंय का ते ‘सीएमडी-की’ आज्ञेला ‘स्लॅश लिस्ट’ जोडून कळतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून ती नोंद काढूनही टाकता येते.

मार्च उजाडला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मी मेल लिहिलं होतं: तुमच्या प्रोग्रामला अ‍ॅडमिन हक्क नेमके कशासाठी लागतात? उत्तर यायला आठवड्याहून जास्त लागला आणि त्यात एवढंच होतं की नेहमी अ‍ॅडमिन म्हणून चालवा, अडचण आली तर यूएसी बंद करा. राग आला. एका खोलीचं दार अडतंय म्हणून अख्ख्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा देऊन टाका, असा हा सल्ला. कुठलं दार अडतंय ते आपणच शोधायचं ठरवलं.

त्यासाठी प्रोसेस मॉनिटर हे साधन आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं. २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी घेतली, तरी ते फुकटच मिळतं. गंमत म्हणजे ते स्वतः चालवायला अ‍ॅडमिन हक्क लागतात, आणि तिथे ती मागणी रास्त आहे, कारण ते सगळ्या मशीनवर काय चाललंय ते बघतं. सुरू केल्यावर सेकंदाला हजारो ओळी धावू लागतात. घाबरायचं नाही. कंट्रोल-ई ने नोंदणी थांबवायची, कंट्रोल-एक्स ने पाटी कोरी करायची, कंट्रोल-एल ने गाळणी लावायची. मी दोन अटी दिल्या: प्रक्रियेचं नाव हिशेबाच्या प्रोग्रामचं आणि निकाल ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’.

पण प्रोग्राम तर हक्कांशिवाय सुरूच होत नाही, मग तो अडतो कुठे हे कसं बघणार? यावर एक युक्ती आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट’ आज्ञेने एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे त्या खिडकीतून सुरू होणाऱ्या प्रोग्रामांना लागू होणारी एक खूण, ठेवायचा: सुरुवातीला दोन अंडरस्कोर, मग कॉम्पॅट, एक अंडरस्कोर, लेयर, बरोबरचं चिन्ह आणि पुढे ‘रनअ‍ॅजइन्व्होकर’ हे सलग. मग त्याच खिडकीतून प्रोग्राम सुरू करायचा. विंडोज मॅनिफेस्टमधली मागणी बाजूला ठेवून त्याला माझ्या साध्या हक्कांनी सुरू करतं. यातून कुठलाही जादा हक्क मिळत नाही, फक्त मागणी गप्प होते. ज्याला खरोखर हक्क लागतात तो प्रोग्राम सुरू होऊन पुढे कुठेतरी आपटतो, आणि मला तेच बघायचं होतं.

प्रोग्राम सुरू झाला! पासवर्ड न देता, माझ्याच नावाने, माझ्या डॉक्युमेंट्ससकट. मग एक नोंद साठवायला गेले आणि तो ‘डेटा फाइल उघडता येत नाही’ म्हणून थांबला. प्रोसेस मॉनिटरमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त नकार दिसत होते, पण त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. जुने प्रोग्राम केवळ वाचायचं असलं तरी सगळे हक्क मागतात, नकार मिळाला की कमी मागून पुढे जातात. म्हणून प्रत्येक नकारानंतरची ओळ गाळणी काढून बघावी लागते: तीच फाइल लगेच यशस्वीपणे उघडली असेल तर सोडून द्यायचं. असं करत एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि शेवटी उरल्या दोनच जागा. एक, प्रोग्राम फाइल्समधल्या त्याच्या फोल्डराच्या आतलं ‘डेटा’ फोल्डर. दोन, रजिस्ट्रीच्या ‘लोकल मशीन’ विभागातली त्याची एक नोंद, जिथे तो शेवटच्या बिलाचा क्रमांक लिहितो. मशीन ६४-बिट आणि प्रोग्राम ३२-बिट असल्याने ती नोंद ‘वाव ६४३२ नोड’ या शाखेखाली होती. सरळ जागी शोधाल तर सापडणार नाही.

बस, एवढंच. या दोन जागांसाठी तो अख्ख्या मशीनचे हक्क मागत होता.

आता परवानगी द्यायची, पण कुठे? संपूर्ण प्रोग्राम फोल्डरावर ‘यूजर्स’ना फुल कंट्रोल देणं हा सगळ्यात प्रचलित उपाय आणि तो वाईट आहे. त्या फोल्डरात मूळ प्रोग्रामची फाइलही असते. ती साध्या खात्याला बदलता आली, तर घरातल्या कुणाच्याही खात्यात शिरलेला व्हायरस तिच्या जागी स्वतःला ठेवील आणि मी पुढे कधी अ‍ॅडमिन म्हणून ती चालवली की त्याला सगळे हक्क मिळतील. परवानगी फक्त डेटा असलेल्या उपफोल्डरावर, आणि तिथेही प्रोग्रामच्या किंवा डीएलएल (प्रोग्रामचे सुटे भाग असलेल्या) फाइली नाहीत हे बघून.

आधी सगळ्या डेटाची प्रत नेटवर्कवर काढली. मग कारभारीच्या हक्कांनी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आय-कॅकल्स’ आज्ञेने सध्याच्या परवानग्या एका फाइलमध्ये जतन केल्या: फोल्डरचा मार्ग, स्लॅश सेव्ह, फाइलचं नाव, स्लॅश टी. काही बिनसलं तर ‘स्लॅश रिस्टोअर’ने सगळं पूर्ववत होतं, फक्त तेव्हा मार्ग वरच्या फोल्डरचा द्यावा लागतो. त्यानंतर ‘स्लॅश ग्रँट’ने माझ्या खात्याला त्या उपफोल्डरावर ‘एम’ म्हणजे मॉडिफाय दिलं, त्याआधी कंसांत ‘ओआय’ आणि ‘सीआय’. त्या दोन अक्षरजोड्यांमुळे आतल्या फाइली आणि आतले फोल्डर दोन्हींना तीच परवानगी वारशाने मिळते, पुढे नव्या बनतील त्यांनाही. फुल कंट्रोलची गरज नव्हती. तो दिला तर परवानग्या बदलायचाही हक्क त्या खात्याला मिळतो. मी ‘यूजर्स’ गटाऐवजी फक्त माझ्या खात्याला दिलं, कारण हिशेब मी एकटीच बघते. ज्या घरात दोघं बघतात त्यांनी दोघांची नावं द्यावीत. रजिस्ट्रीतल्या त्या एका कीवर राइट क्लिक, परमिशन्स, तिथेही माझंच खातं. वरच्या शाखेवर हात लावला नाही.

यानंतर दोन ओळींची बॅच फाइल, म्हणजे आज्ञा ओळीने चालवणारी फाइल, बनवली. पहिली ओळ त्या व्हेरिएबलची, दुसरी प्रोग्राम सुरू करण्याची. तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला. पासवर्ड नाही, माझा प्रिंटर, माझे फॉन्ट, झेड ड्राइव्ह हजर, फाइल ओढून टाकली तरी चालते. महिनाअखेरचं काम पूर्ण होईपर्यंत मी रोज डेटाची प्रत ठेवत होते. एकही नोंद हरवली नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मुलाच्या एका जुन्या खेळाची कथा याच्या उलट निघाली. तो काहीच मागत नव्हता, प्रोग्राम फाइल्समध्ये गुण साठवल्यासारखं दाखवत होता आणि प्रत्येक खात्यात वेगळे गुण दिसत होते. मॅनिफेस्ट नसलेल्या जुन्या ३२-बिट प्रोग्रामांना विंडोज असं गुपचूप सांभाळून घेतं: त्यांचं लिखाण प्रत्येकाच्या अ‍ॅपडेटामधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरात वळवतं. प्रोग्रामला पत्ताही नसतो. जुन्या मशीनवरून एखाद्या प्रोग्रामच्या फाइली आणताना प्रोग्राम फाइल्समध्ये ताज्या फाइली सापडल्या नाहीत तर हे फोल्डर बघा, बहुधा तिथे असतात.

काही गोष्टींना खरोखरच अ‍ॅडमिन हक्क लागतात, तिथे भांडण्यात अर्थ नाही. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणारा बॅकअप त्यातला. पण त्यासाठी दर आठवड्याला मी पासवर्ड घेऊन बसायची गरज नव्हती. कारभारीच्या खात्यात जाऊन टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावलं: शनिवारी रात्री, ‘यूजर लॉगिन असो वा नसो चालवा’ आणि ‘सर्वोच्च हक्कांनी चालवा’ या दोन्ही खुणा करून. अशा कामाची खिडकी कुणालाच दिसत नाही, त्यामुळे मधेच प्रश्न विचारणारा प्रोग्राम इथे लावू नका, तो उत्तराची वाट बघत अडकून बसेल. इथेही ड्राइव्हचं अक्षर चालत नाही, पूर्ण मार्गच द्यायचा. सकाळी ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये शून्य-एक्स-शून्य दिसलं की झालं. एप्रिलमध्ये कारभारीचा पासवर्ड बदलला, तेव्हा त्या कामातही नवा पासवर्ड पुन्हा द्यावा लागला. हे कुठे सांगितलं जात नाही, काम नुसतंच चालत नाही.

लिनक्स वापरणारा माझा भाऊ हे सगळं ऐकून हसत होता. त्याच्याकडे सूडो आहे, म्हणजे एखादी आज्ञा वाढीव हक्कांनी चालवणारं साधन, १९८० च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या विभागात जन्मलेलं. स्वतःचाच पासवर्ड द्यायचा, आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर तो पंधरा मिनिटं लक्षातही ठेवतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत याच नावाची आज्ञा आली आहे, सेटिंग्जमध्ये चालू करावी लागते. पण साध्या खात्यावर तिने फार काही बदलत नाही, चौकट येते ती येतेच आणि कारभारीचा पासवर्ड मागते. भावाला मी एवढंच ऐकवलं की २०२१ मध्ये सूडोतही दहा वर्षं लपलेली एक चूक सापडली होती, जिच्यामुळे कुठलाही साधा यूजर रूट, म्हणजे लिनक्सचा सर्वाधिकारी, होऊ शकत होता. तेव्हा त्याचं हसू जरा कमी झालं.

आजची स्थिती अशी आहे. पासवर्डाची चौकट आठवड्यात एखाददोनदा येते, बहुतेक वेळा काही नवं बसवताना. स्कॅनरबरोबर आलेला छोटा प्रोग्राम दर अपडेटला हक्क मागतो, त्याच्यावर प्रोसेस मॉनिटर लावून बघितलं तर तो ड्रायव्हरच बदलत होता, तेव्हा ती मागणी योग्य. कारभारीच्या खात्यात मी ब्राउझर उघडत नाही, मेल जोडलेलं नाही, तिथे फक्त एक मजकुराची फाइल आहे. ती ठेवण्याचं कारण मेमध्ये कळलं: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट बसवलं आणि त्याच्या इन्स्टॉलरने डेटा फोल्डर नव्याने बनवून माझी परवानगी उडवली. पुन्हा तीच ‘डेटा फाइल उघडता येत नाही’ची सूचना. आय-कॅकल्सची ती ओळ आणि रजिस्ट्रीच्या कीचा मार्ग त्या फाइलमध्ये लिहिलेला होता, पुन्हा चालवला आणि पाच मिनिटांत काम सुरू झालं. तुम्ही असं काही केलंत तर दिलेली प्रत्येक परवानगी, फोल्डर आणि तारखेसकट, अशीच लिहून ठेवा.